एक चाक, बेचाळीस पोरं आणि वर्षाला अर्धा तास

सर, तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण माझं पण अगदी असंच झालं होतं. तुम्ही खानापूर तालुक्यात मराठी हायस्कुलात ड्रॉइंग शिकवता, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून कुंभाराचं इलेक्ट्रिक चाक दिलं, नववीत ४२ पोरं, तास ४० मिनिटांचा, व्हिडिओ बघून तुम्ही स्वतः थोडंफार शिकलात, खरं (बाहेरगावच्या वाचणाऱ्यांसाठी, आमच्या बेळगावकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’) पोरांच्या हातात गोळा दिला की तो उडून भिंतीवर जातोय, आणि हेडमास्तर म्हणतात हा चिखल बंद करा. बंद करू का, आणि नसेल करायचं तर शिकवायचं कसं, असं विचारलंय.

बंद करू नका. खरं आधी एक गणित मांडून बघा, मी हे गणित पाच वर्षं उशिरा मांडलं आणि तोवर सगळी चिडचिड पोरांवर काढली.

समजा तुम्हाला आठवड्याला जोडतास मिळाला, ८० मिनिटं. हजेरी, माती काढणं, मांडामांड यात १० गेली, शेवटी पुसापुशी धुवाधुवी १५. उरली ५५. एकेकाला ८ मिनिटं दिली तर सात पोरं होतात. म्हणजे ४२ जणांची एक फेरी व्हायला सहा आठवडे. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत दसऱ्याची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग, खेळ सगळं वजा करून हातात राहतात चोवीस-पंचवीस आठवडे. चार फेऱ्या. चार आठे बत्तीस. एका पोराला चाकावर वर्षात अर्धा तास मिळतो, बास. कुंभाराच्या घरातलं पोर वर्षानुवर्षं चाकाजवळ लोळून शिकतं आणि आम्ही अर्ध्या तासात फुलदाणी मागतोय.

तेव्हा ‘चाकावर भांडं कसं शिकवू’ हा प्रश्न सोडून द्या. तो अर्धा तास वाया जाऊ नये म्हणून बाकीच्या वेळेत काय करायचं ते बघा, आणि तो अर्धा तास कापायचा कसा ते बघा.

कापायचं मला एका म्हाताऱ्या कुंभारमामांनी दाखवलं. व्हिडिओत सगळे एका गोळ्याचं एक भांडं करतात, प्रत्येक गोळा नव्यानं मध्यावर आणायचा, म्हणजे चाक फिरताना डुलणार नाही असा बरोबर मधोमध बसवायचा. शिकणाऱ्याचा सगळा जीव त्यातच जातो, आठ मिनिटांतली सात गोळा डुलतोय डुलतोय यातच संपतात आणि आठव्या मिनिटाला पुढचा नंबर. मामा चार-पाच किलोचा ढीग चाकावर ठेवायचे, एकदाच मध्यावर आणायचे, आणि वरच्या टोकाला पणती काढायची, दोऱ्यानं कापायची, परत पुढची पणती, ढीग संपेपर्यंत. मी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच केलं. ढीग मी मध्यावर आणते, पायडल माझ्या पायाखाली, पोर माझ्या समोर बसतं आणि फक्त वरच्या लिंबाएवढ्या मातीत अंगठा घालून पणती उघडतं. तीन मिनिटं. ५५ मिनिटांत सतरा-अठरा पोरं होतात, फेरी अडीच आठवड्यात संपते. एकूण मिनिटं तेवढीच राहतात, अर्धा तास तो अर्धा तासच, खरं चार वेळा आठ मिनिटांपेक्षा दहा वेळा तीन मिनिटं लई बरी, हात मधल्या दिवसांत विसरत नाही आणि पहिल्याच दिवशी पोर काहीतरी हातात घेऊन उठतं. एक काळजी घ्या, ढिगावरच्या पणतीचा तळ दाबला जात नाही त्यामुळे वाळताना तळाला नागमोडी चीर पडते. म्हणून कापायच्या आधी बोट तळावर मधून बाहेर, बाहेरून मधे असं दोनदा घट्ट फिरवायला लावायचं.

ज्यांना मध्यावर आणायचंच आहे अशी पाच-सहा पोरं वर्गात निघतातच, ती मधल्या सुट्टीत डबा टाकून येतात. त्यांना वेगळा गोळा द्या, ४०० ग्रॅमचा, जास्त नको. सगळ्यांना तो आग्रह करायचा नाही, असं माझं मत झालंय, कुणी काही म्हणो.

आता माती. तुमचे गोळे उडतात म्हणता, माझी पैज की निम्मे तरी पोरांच्या हातामुळे उडत नाहीत, मातीमुळे उडतात. मूर्तीचा शाडू आणला असेल तर तो चाकासाठी विसरा, गणपतीला छान, चाकावर माझ्या हाताला तरी कधी वळला नाही. आणि विकतचं पाकीट कशाला मागवताय, खानापुरात बसून! कौलांचे कारखाने इथं उगीच नाही निघाले, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था पण खानापुरातच आहे. जवळच्या कुंभाराकडनं कालवून मुरवलेली तयार माती घ्या. रोख पैसे देऊन घ्या, शाळेसाठी म्हणून फुकट मागू नका, त्यांचे पण हात त्यात राबलेत. १०० किलो म्हणजे वर्षभराला भरपूर, कारण भाजली नाही तोवर माती परत भिजते.

पारख सोपी. करंगळीएवढी वळी करायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. भेगा पडल्या तर माती अजून मुरायला पाहिजे किंवा तीत वाळू जास्त आहे. बोटाला लोण्यासारखी चिकटून राहिली तर पाणी जास्त. तुमच्यापैकी कुणी गोकाक-सौंदत्तीकडच्या काळ्या रानातली माती आणत असाल तर तीत चुनखडीचे खडे असतात, ते भाजल्यावर हवेतला ओलावा ओढतात आणि आठ-पंधरा दिवसांनी चांगल्या भांड्याचा टवका उडतो. पोर येऊन म्हणतं मॅडम मी पाडलं नाही, आणि ते खरंच बोलत असतं. प्लॅस्टरचा तुकडा मातीत गेला तरी तसंच होतं, म्हणून साच्याचं काम आणि चाकाचं काम एका टेबलावर नको.

वाया गेलेली माती पूर्ण वाळू द्या, ठोकून बारीक करा आणि मग पाण्यात टाका. अर्धवट ओली टाकली की तिचे गोळे आठवडाभर विरघळत नाहीत, कडक वाळलेली मात्र अर्ध्या तासात विरते. विज्ञानाच्या सरांना बोलवा हे दाखवायला, त्यांचा पण एक तास निघतो. तो लगदा घट्ट करायला लोक प्लॅस्टरच्या लाद्या ओततात, मी जुनी मंगलोरी कौलं पालथी मांडून त्यावर फडकं टाकते आणि लगदा पसरते. कौल पाणी पितं. छपरं बदलल्यावर गावात कौलं ढिगानं पडलेली असतात, एक पैसा लागत नाही.

मग बाकीची पस्तीस पोरं त्या वेळात काय करतात? मळतात. लई कंटाळवाणं वाटतं सांगायला, खरं माझ्या वर्गातलं निम्मं शिकवणं मळण्यातच आहे. अर्धा किलो माती फळीवर, तळहाताच्या उंचवट्यानं पुढं ढकलायची, ओढायची, वळवायची, शंभर वेळा. मग दोऱ्यानं मधोमध कापायची आणि दोन्ही तोंडं उजेडाला धरून बघायची. भोकं दिसली की परत शंभर. मुलंच एकमेकांचं तपासतात आणि एकमेकांना अजिबात सोडत नाहीत. मळून झालं की चिमटून वाट्या, वळ्यांची भांडी, आणि जूनमध्ये शाळा उघडली की मातीच्या बैलांची अमावास्या जवळच असते, तेव्हा बैल. कानडीत तिला मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात, बाजारात कुंभार बैलजोड्या घेऊन बसलेले असतात, आमच्याकडची पोरं कानडी घरातली असोत की मराठी, बैल सगळ्यांना येतो. तिथनं वर्षाची सुरुवात केली की चाकाची भीती अर्धी कमी, माती काय ते बोटाला कळलेलं असतं.

आणि चाकावर बसायच्या आधी एक खेळ करा. दोन-दोन पोरं समोरासमोर. एकानं दोन्ही हात गोळ्याभोवती धरल्यासारखे हवेत धरायचे, दुसऱ्यानं ते हलवायचा प्रयत्न करायचा. कोपरं हवेत असली की हात पटकन हलतो. कोपर मांडीला किंवा बरगडीला टेकवलं की हलत नाही. चाकावर नेमकं तेवढंच शिकायचं असतं, गोळा ढकलणार आणि तू हलायचं नाही. हातात ताकद नसलेली किरकोळ पोरगी अंगाचा भार टाकून गोळा मध्यावर आणते आणि दंड फुगवणारा पैलवान गोळ्याबरोबर स्वतःच डुलत बसतो, हे मी दर वर्षी बघितलंय.

गोळा मध्यावर आणताना तीन चुका सगळे करतात. एक, हात कोरडे पडतात आणि माती ओढली जाते, मग घाबरून तांब्याभर पाणी ओततात आणि भांडं पाचव्या मिनिटाला मान टाकतं. पाणी बोटांना लावायचं, मातीवर ओतायचं नाही, मी पोरांना स्पंज देते आणि तांब्या उचलून ठेवते. दोन, वेग. मध्यावर आणताना चाक जोरात, भिंत वर ओढताना हळू, पोरं नेमकं उलट करतात. तीन, आणि ही चूक व्हिडिओत कुणी सांगत नाही, हात काढतात एकदम झटक्यानं. गोळा अगदी बरोबर आलेला असतो आणि हात सुटताना जो धक्का बसतो त्यानं तो परत डुलायला लागतो. झोपलेल्या बाळाखालचा हात काढतो तसा काढायचा, एवढं एक वाक्य पुरतं, घरात लहान भावंड असलेल्याला तर लगेच कळतं. आणि बरोबर आलं का ते बघून ठरवायचं नाही. डोळे मिटायला लावा. बोट टेकवल्यावर बोटाखाली काहीच हलत नाही, चाक जणू थांबलंय असं वाटलं की आलं.

हेडमास्तरांच्या ‘चिखला’चं उत्तर मला एका पोरीमुळे सापडलं. नववीतली, गप्प असणारी, दोन महिन्यांनी तिची पहिली उभी वाटी निघाली, चार बोटं उंच. सगळा वर्ग बघायला जमला. मी दोरा घेतला आणि ती मधोमध उभी कापली. पोरगी रडायलाच लागली, मागनं कुणीतरी म्हणालं मॅडम काय वो हे. मी दोन अर्धुकं फळीवर ठेवली आणि म्हटलं बघ. काठाजवळ भिंत वहीच्या पुठ्ठ्याएवढी, खाली तळाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी जाड. सगळी माती खालीच राहिलेली, तिनं वर आणलीच नव्हती, वरनं मात्र वाटी सुंदर दिसत होती. तिनं डोळे पुसले, बोटानं तो जाड कोपरा चाचपून बघितला आणि विचारलं, मग तळापासनं बोट आत दाबून सुरू करायचं का? मी १० तास बोलून जे सांगू शकले नव्हते ते त्या कापात दिसलं. तेव्हापासून नियम झाला, पहिली तीन भांडी कापायची, चौथं ठेवायचं. मार्क पण त्याच्यावरच, भिंत तीन ठिकाणी सुईनं मोजायची, सारखी आली तर पूर्ण मार्क, भांडं दिसायला वेडंवाकडं असलं तरी. एफएच्या, म्हणजे आकारिक मूल्यमापनाच्या, नोंदीला लिहायला आकडे मिळतात, त्यामुळे वरचे साहेबलोक पण गप्प. आणि ती कापलेली अर्धुकं वाळवून टेबलावर मांडून ठेवा, हेडमास्तरांना दाखवा पहिल्या महिन्याचं आणि चौथ्या महिन्याचं.

मुलींचं एक सांगते, तुम्ही विचारलं नाही तरी. बऱ्याच कुंभारघरात बायका माती कालवतात, थापटतात, रंगवतात, भट्टी लावतात, चाकावर मात्र बसत नाहीत. मामांच्या बायकोनं सगळं आयुष्य माती मळण्यात काढलं आणि चाकाला कधी हात लावला नव्हता, मी बसले तेव्हा त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. शाळेत एका पालकानं येऊन सांगितलं पण होतं की पोरगीला हे कशाला, आम्ही काय कुंभार आहोत का. एका वाक्यात दोन अपमान. मी वाद घातला नाही, पुढच्या वर्षीपासनं नंबर हजेरीपटाप्रमाणं लावले, आडनाव, जात, मुलगा-मुलगी काही नाही, पटावर नाव आलं की बसायचं. वर्गात कुंभाराचं पोर असेल तर त्याला ‘तुला येतच असेल’ म्हणून पुढं करू नका, बिचाऱ्याला कधी येत नसतं आणि कधी आवडत नसतं. मामांना मात्र शाळेत बोलवा, मानधन देऊन, आणि खुर्चीवर बसवून ओळख करून द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला जे १० दिवस बिनदप्तराचे सांगितलेत त्यात सुतार, माळी यांच्याबरोबर कुंभार पण लिहिलाय. कर्नाटकात त्या धोरणाचं राजकारण वेगळं, खरं हेडमास्तरांना दाखवायला ओळ बरी आहे.

धुवाधुवीबद्दल नीट ऐका, कारण माझ्यावर याच्यामुळेच मेमो येता येता राहिला. पहिल्या वर्षी पोरांनी हात बेसिनला धुतले, सगळे, तीन महिने. दिवाळीच्या आधी स्टाफरूमपर्यंत पाणी तुंबलं, पाईप कापून काढला तर आत नुसती तयार माती, मळायला घ्यावी अशी. तेव्हापासनं तीन बादल्या. पहिलीत घाण हात, दुसरीत जरा बरे, तिसरीत स्वच्छ, आणि मगच नळ. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी झाडांना, खालची माती परत डब्यात. वाळलेली माती झाडूनं झाडायची नाही, कधीच नाही. तिच्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर निघत नाही. ओल्या फडक्यानंच पुसायचं, आणि वाळलेलं भांडं सँडपेपरनं घासायचं असेल तर नकोच, ओल्या स्पंजनं काठ गोल करा. चाकाच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या, ओले हात आणि वीज आहे. ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या, मोठी नखं, चाकाजवळ यायच्या आधी बंदोबस्त.

वाळवणं आणि भाजणं. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू, कणकुंबी-जांबोटीकडं तर जुलैत टॉवेल वाळत नाही. मी पहिल्या वर्षी उत्साहात पावसाळ्यातच भाजायला गेले, भांडी आठ दिवस कपाटावर होती, हाताला कोरडी वाटत होती. शेणी रचल्या, वर पेंढा, पेटवलं, आणि पंधरा मिनिटांत आतनं फट् फट् आवाज. राखेत निघाले नुसते टवके. लोक म्हणतात मातीत हवेचा फुगा राहिला की फुटतं. हवेनं नाही फुटत, पाण्यानं फुटतं, भिंतीतल्या ओलाव्याची एकदम वाफ होते आणि तिला बाहेर यायला वाट नसते. जाड तळाची भांडी आधी गेली आणि पातळ पणत्या बऱ्याच वाचल्या, त्याचं कारण पण तेच. आता मी भांडं गालाला लावून बघते. गार लागलं म्हणजे अजून पाणी उडतंय. भाजणी सरळ दसऱ्यानंतर, दिवाळीच्या पणत्या पहिल्या.

सुरुवात कितीही हळू केली तरी जास्त होत नाही, पहिले दोन तास नुसता धूर आणि ऊब, शंभर अंशाच्या आत. पुढं साधारण ४५० ते ६०० अंशात मातीच्या कणात बांधलेलं पाणी जातं, तेव्हा ती माती कायमची बदलते, मग कितीही भिजवा चिखल होत नाही. लाल भांड्याला ८००-९०० अंश पुरतात. शाळेत इलेक्ट्रिक भट्टीच्या मागं लागू नका, मामांच्या भट्टीत कोपरा मागून घ्या आणि पोरांना ती रचताना आणि उघडताना न्या. उघडायची घाई करायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. चकचकीत ग्लेझ मारून त्यात खायला द्यायच्या भानगडीत पडू नका, स्वस्त ग्लेझमध्ये शिसं असू शकतं.

भट्टी उघडली की प्रत्येक भांडं बोटाच्या पेरानं वाजवायचं. भाजलेलं टणकन बोलतं, कच्चं किंवा चीर गेलेलं बद्द वाजतं. इथं मी गोरोबाकाकांची गोष्ट सांगते, त्यांनी थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कोण कच्चं कोण पक्कं ते पारखलं आणि नामदेव कच्चे निघाले ती, आणि कानडीतल्या कुंबार गुंडय्यांची पण सांगते, बाराव्या शतकातले शरण, म्हणजे शिवभक्त संत, ते मडकं वाजवायचे आणि शंकर येऊन नाचायचा म्हणतात. एक मराठीतला, एक कानडीतला, दोघं मडकं वाजवणारे. पोरं मग सगळी भांडी वाजवत सुटतात आणि वाजवून वाजवून दोन-तीन फोडतात पण, चालायचंच.

राहिलं एक. तुमच्या चाकाला उलटसुलट फिरवायचा स्विच आहे का ते आधी बघा. बाजारातली बरीच इलेक्ट्रिक चाकं घड्याळाच्या उलट फिरतात, आमचे मामा काठीनं फिरवायचे ते घड्याळाच्या दिशेनं. मामा शाळेत आले आणि त्या चाकावर बसले तेव्हा ४० वर्षांचा हात असून त्यांचं पहिलं मडकं वाकडं झालं, पोरं तोंडावर हात धरून हसली. मी स्विच फिरवला. डावखुरं पोर असेल तर त्यालाही तो फिरवून द्या, आणि नसेल स्विच तर लिहा, वायरिंगचं काय करायचं ते आमच्या शाळेच्या वायरमनला विचारून सांगते.